आईची सुरी, नवी मूठ

रत्नागिरीत बाजारामागच्या गल्लीत धार लावणारे एक काका बसतात. आईची मासे कापायची सुरी त्यांच्याकडे दिली होती. पातं जुनं, साध्या कार्बन पोलादाचं. आंब्याच्या लाकडाची मूठ मात्र कुजून डुगडुगत होती.

काकांनी शिसवाच्या दोन पट्ट्या हातात दिल्या. "धरून बघा, कुठं टोचतंय ते सांगा." पट्टी पात्याच्या शेपटीला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाला लावून उजेडाकडे धरली, फट दिसली तशी पुन्हा घासली. मग एपॉक्सी गोंद, तीन पितळी रिव्हेट आणि रात्रभर क्लॅम्प. दुसऱ्या दिवशी कानस, 120 पासून 400 नंबरपर्यंत पॉलिश पेपर, वर जवसाचं तेल. पितळ आणि लाकडाच्या सांध्यावरून नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. मुठीला पैकीच्या पैकी.

पात्याचं काम पोऱ्यावर सोपवलं, तिथं घोळ झाला. पाणी न मारता ग्राइंडरवर दाबलं असणार, टोकाकडचा बोटभर भाग निळा पडला. निळा म्हणजे 300 अंशांच्या आसपास तापला, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा उतरला. तेवढी धार आता आठवडाभरही टिकत नाही. काकांनी चूक कबूल केली, 650 मधले 150 परत दिले. चार दिवसांचा वायदा होता, लागले नऊ.

पुढच्या वेळी मूठ त्यांच्याकडेच. धार मात्र समोर उभं राहून, दगडावर. आईनं काल त्याच सुरीनं बांगडे साफ केले, टोक टाळून.