जस्ताचा आकडा

माझ्या पाटलीत १.२ टक्के जस्त निघालं होतं. तसं लिहिलेला कागद चार महिने माझ्या कपाटात होता, आणि त्यात काही गडबड आहे हे मला कळलंच नाही. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

आईच्या पाटल्यांची जोडी १९८९ सालची, सांगलीत घडवलेली. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क आला २००० साली, त्यामुळे आतल्या बाजूला फक्त सराफाचा शिक्का होता. आईने वाटणी केली तेव्हा एक पाटली ताईला दिली, एक मला. गेल्या जूनमध्ये मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून मी माझी मोडायला काढली. पुण्यातलंच दुकान, एसी, बाहेर पाटी: ‘जुन्या सोन्याची कॅरेट मशीनवर तपासणी’. मला तर बरंच वाटलं. कसोटीच्या दगडावर घासून अंदाज सांगण्यापेक्षा यंत्र बरं, असं माझं मत होतं.

यंत्र मायक्रोवेव्ह ओव्हनएवढं. काउंटरवरच्या माणसाने पाटली आत ठेवली, स्क्रीनकडे बघत जरा फिरवली, पुन्हा फिरवली, झाकण लावलं. स्क्रीनची पाठ माझ्याकडे होती. अर्ध्या मिनिटात चिठ्ठी बाहेर आली: सोनं ८२.४, चांदी ८.१, तांबं ८.३, जस्त १.२.

“एकोणीस पॉइंट आठ कॅरेट आहे, ताई.”

“आई तर बावीस म्हणते.”

“पूर्वी असंच चालायचं. बावीस सांगायचे आणि वीस द्यायचे. हे मशीन आहे, माझ्या मनाचं सांगत नाही.”

मला पटलं. मनातल्या मनात मी सांगलीच्या त्या सराफालाच शिव्या घातल्या. वजन भरलं २०.३१० ग्रॅम. त्याचे ८२.४ टक्के म्हणजे १६.७३५, त्यातून आटणीची घट दोन टक्के कापून १६.४०० ग्रॅम शुद्ध सोन्याचे पैसे खात्यात जमा झाले. पाटली लगेच आत आटवायला गेली. मी सही केली, चहाही प्यायले.

दिवाळीला ताईकडे विट्याला गेले. तिचे चुलत सासरे, आम्ही सगळे त्यांना आण्णाच म्हणतो, तीस वर्षं कोइमतूरला गलाईच्या धंद्यात होते. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत, त्यांतलेच एक. बोलता बोलता मी चिठ्ठी दाखवली. आण्णांनी चष्मा लावला आणि सोन्याचा आकडा सोडून थेट खाली बोट ठेवलं. “हे जस्त कुठनं आलं? बावीसच्या पाटलीत तांबं असतं, चांदी असते. हा पाटलीचा आकडा नाही पोरी, डागाचा आहे.”

डाग म्हणजे सांध्याचं जोडकाम. जोड देताना मूळ दागिन्याच्या आधी डाग वितळला पाहिजे, म्हणून त्यात जुने कारागीर तांबं, चांदी, कधी पितळही जास्त घालत. पितळातून जस्त येतं. (पुढे केडीएमचा डाग आला. केडीएम म्हणजे कॅडमियम. त्यात सोनं ९२ टक्क्यांच्या आसपास राखता येतं, पण त्याचा धूर कारागिरांच्या फुफ्फुसात जायचा म्हणून तो बंद झाला. केडीएम म्हणजे शुद्ध सोन्याची जात, असं मीही समजत होते.)

आता यंत्राचं. त्यातले क्ष-किरण सोन्यावर पडले की अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, त्याच्या जागी वरच्या कक्षेतला येतो आणि तेव्हा त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचा किरण बाहेर पडतो. सोन्याचा वेगळा, तांब्याचा वेगळा. हे शास्त्र पक्कं आहे. पण यंत्र वाचतं ते फार तर मिलिमीटरभराचा ठिपका, आणि सोन्यात खोली म्हणाल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तो ठिपका कुठे पडतोय हे आतला कॅमेरा स्क्रीनवर दाखवत असतो. आणि तो माणूस पाटली फिरवत होता.

सिद्ध करायला ताईची पाटली होतीच. एकाच दिवशी, एकाच हाताची. दुसऱ्या दिवशी सांगलीत हॉलमार्किंग केंद्रावर गेलो. ग्राहकाला स्वतःचा दागिना तिथे तपासून मिळतो. २०२२ मध्ये जाहीर झालेला दर चार नगांपर्यंत २०० रुपये होता. आम्ही तीन जागा तपासायला सांगितल्या. अंगावर दोन ठिकाणी ९१.२ आणि ९१.४, सांध्यावर ८२.९. सांध्यावर जस्त. बाकी कुठेच नाही.

आण्णांचं एवढ्यानेही समाधान होईना. आतल्या बाजूचा थोडा कीस घेऊन गलाईवाल्याकडून भट्टीत परीक्षा करून घेऊ म्हणाले. ताई आधी तयार नव्हती, “माझी कशाला खरवडता?” शेवटी कीस दिला. ही परीक्षा जुनी. नमुना जास्तीची चांदी घालून शिशात गुंडाळतात, भट्टीत शिसं आणि तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू मुशीत मुरतात, उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक ॲसिडने काढून नुसतं सोनं तोलतात. आलं ९१.१.

त्या हिशोबाने माझं शुद्ध सोनं साडेअठरा ग्रॅम. सांध्यातल्या डागाचे थोडे कमी धरा, तरी दोन ग्रॅम गेले. सोन्याचा आजचा भाव तुम्हीच लावा.

दुकानात परत गेले. “ताई, वस्तू तर आटली. चिठ्ठीवर तुमची सही आहे.” आटवलेल्या तुकड्याचा कस काय आला, हे मी जूनमध्ये विचारलं नव्हतं. आता विचारलं. नोंद नाही म्हणाले.

यंत्राला फसवून उलटंही करतात, तेही सांगते. चांदीवर जाड मुलामा दिला तर हेच यंत्र बावीस कॅरेट दाखवेल. त्यामुळे विनापावतीचा स्वस्त गोफ नुसत्या मशीनच्या चिठ्ठीवर घेऊ नका.

मागच्या महिन्यात बोरमाळ मोडायला दुसरीकडे गेले. आधी म्हटलं, स्क्रीन माझ्याकडे वळवा आणि तीन ठिकाणी बघा, डाग सोडून. आटणी माझ्यासमोर, आणि आटलेला तुकडा पुन्हा मशीनवर. पहिला सराफ म्हणाला, आमच्याकडे अशी पद्धत नाही. दुसऱ्याने काही न बोलता स्क्रीन वळवला.

जूनच्या चिठ्ठीवरची शाई आता उडत चाललीय. सोन्याचा आकडा जवळजवळ गेला, जस्ताचा अजून दिसतो. मी फोटो काढून ठेवलाय.