क्लिनिकल रिसर्चमधली पहिली नोकरी: हॉस्पिटलची साइट, सीआरओ की गावातला प्रकल्प?

एम.फार्म., बीएएमएस किंवा लाइफ सायन्सेसमधली एम.एस्सी. झाली की पुण्या-मुंबईत संशोधनाच्या नोकरीचे साधारण तीन रस्ते दिसतात. हॉस्पिटलमध्ये चाचणीचं रोजचं काम सांभाळणारा क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे सीआरसी. औषध कंपन्यांच्या चाचण्यांचं काम कंत्राटावर घेणाऱ्या कंपनीत, म्हणजे सीआरओमध्ये डेटा मॅनेजमेंट किंवा फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं काम. नाहीतर सार्वजनिक आरोग्याचा एखादा प्रकल्प. पगाराची तुलना सगळेच करतात. वेळ आली तर पाठीशी कोण उभं राहील आणि तीन वर्षांनी आपल्या हाताला काय येत असेल, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

हॉस्पिटलची साइट

साइट म्हणजे जिथे चाचणी चालते ती जागा. इथे सगळं एका माणसावर अवलंबून असतं: चाचणीचे प्रमुख संशोधक डॉक्टर, म्हणजे पीआय.

शनिवारी रात्री चाचणीतल्या एका रुग्णाच्या छातीत दुखू लागतं आणि घरचे त्याला जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल करतात, असं समजा. फोन येतो सीआरसीला, कारण रुग्णाच्या कार्डावर तिचा नंबर आहे. 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांप्रमाणे अशी गंभीर घटना 24 तासांच्या आत प्रायोजक (चाचणी करून घेणारी कंपनी), एथिक्स कमिटी आणि केंद्रीय औषध नियामकांना कळवावी लागते. कायद्याने ही जबाबदारी पीआयची. चांगला पीआय फोन उचलतो, नर्सिंग होमच्या डॉक्टरांशी स्वतः बोलतो, चाचणीचं औषध चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरवतो आणि प्राथमिक अहवाल त्याच रात्री पाठवायला लावतो. दुसरा म्हणतो, ‘फॉर्म भरून ठेव, सोमवारी सही करतो.’ सोमवारी मुदत उलटलेली असते आणि खुलासा मागणारी मेल सीआरसीच्या नावाने येते.

संमतिपत्राच्या वेळीही हाच फरक दिसतो. रुग्णाचा मुलगा विचारतो, ‘डॉक्टर, बाबांना खरं औषध मिळणार की नुसतीच गोळी?’ त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसणारे आणि प्लासिबो म्हणजे काय, नको वाटलं तर कधीही बाहेर कसं पडता येतं, हे सांगणारे डॉक्टर मिळाले तर तुम्ही वर्षभरात जे शिकाल ते कुठल्याही डिप्लोमात शिकवलं जात नाही. ओपीडीच्या गर्दीत कागदांचा गठ्ठा तुमच्या हातात देऊन निघून जाणारे मिळाले, तर ज्या कामाची जबाबदारी तुमची नाहीच ते तुमच्या गळ्यात पडतं.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. बऱ्याच ठिकाणी सीआरसी हॉस्पिटलच्या पगारावर नसते, साइट मॅनेजमेंट कंपनीच्या असते. काम सांगणार डॉक्टर, रजा मंजूर करणार कंपनीचा मॅनेजर. अप्रेझल कोण लिहितं आणि चाचणी संपल्यावर मला कुठे पाठवणार, हे मुलाखतीतच विचारा. साइटवर बढतीच्या पायऱ्या कमी असतात, सीनियर सीआरसीच्या पुढे सहसा वाट संपते. पण इथून मॉनिटर, म्हणजे वेगवेगळ्या साइटचं काम तपासणारा सीआरए व्हायला जाणाऱ्यांना साइटवर काय घडतं हे आतून माहीत असतं, आणि त्याचा फायदा पुढे बरीच वर्षं होतो.

सीआरओ

इथे आधार व्यवस्थेचा असतो. पहिल्याच आठवड्यापासून ट्रेनिंग, प्रत्येक कामाची एसओपी, म्हणजे ठरलेली लेखी पद्धत, शंका विचारायला नेमून दिलेला सीनियर. बॉस विक्षिप्त निघाला तरी एचआर आहे, दुसरी टीम आहे. पदांची शिडी स्पष्ट असते, पगार वेळेवर होतो, आणि शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर ही लहान गोष्ट नाही.

धोका आहे तो अडकून पडण्याचा. फार्माकोव्हिजिलन्समध्ये दुष्परिणामांच्या केसेस भरायच्या, रोजचं टार्गेट पूर्ण करायचं, यात दोन वर्षं कधी जातात कळत नाही. त्यातलं साचेबद्ध काम हळूहळू सॉफ्टवेअरकडे जात आहे, त्यामुळे नुसत्या एंट्रीवर थांबणं परवडणारं नाही. म्हणून इथला चांगला मॅनेजर ओळखायचा तो गोड बोलण्यावरून नव्हे, माणसं पुढे सरकवण्यावरून. मुलाखतीत थेट विचारा: ‘गेल्या वर्षभरात तुमच्या टीममधलं कोण एंट्रीवरून नॅरेटिव्ह लिहिण्याकडे किंवा सिग्नलच्या कामाकडे गेलं?’ (नॅरेटिव्ह म्हणजे एकेका केसची सविस्तर हकिकत, सिग्नल म्हणजे अनेक केसेसमधून दिसणारी नव्या धोक्याची खूण.) उत्तरात खरी उदाहरणं आली तर ठीक. ‘स्कोप भरपूर आहे’ एवढंच ऐकू आलं तर सावध राहा.

गावातला प्रकल्प

महाराष्ट्राला या कामाची मोठी परंपरा आहे आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या मातांची मुलं आज मोठी झाली आहेत आणि अभ्यास त्यांच्यापर्यंत पोचला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. गावातल्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तर बालमृत्यू किती कमी होतात, हे तिथलं संशोधन 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. प्रश्न गावातून घ्यायचा आणि उत्तर गावात परत न्यायचं, हे अशा ठिकाणी अंगवळणी पडतं. पुढे पीएचडी किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं असेल तर याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

कच्ची बाजू एकच, पण मोठी: नोकरी अनुदानाला बांधलेली असते. अनुदान संपलं की करार संपतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पातली पदंही तात्पुरतीच असतात. म्हणून अनुदान कोणत्या महिन्यापर्यंत आहे ते लेखी घ्या. आणि त्या गटाचे आधीचे शोधनिबंध उघडून बघा. फील्ड कोऑर्डिनेटरची नावं लेखकांमध्ये आहेत की शेवटी आभारांत? नेतृत्व कसं आहे ते मुलाखतीपेक्षा तिथे जास्त कळतं.

मी काय निवडेन

घरची जबाबदारी अंगावर असेल तर बेलाशक सीआरओ. तशी नसेल तर पहिली दोन वर्षं हॉस्पिटलच्या साइटवर काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच, पीआय पारखून घ्यायचा. ते अवघड नाही. आपल्याकडच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असतात. 15 जून 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. नोंदीत साइट आणि पीआयची नावं असतात. एकाच डॉक्टरच्या नावावर एकाच वेळी पुष्कळ चाचण्या चालू असतील, तर त्यांच्याकडे सीआरसी किती आहेत ते विचारा. एखाद्या सकाळी ओपीडीत जाऊन बसा आणि ते रुग्णांशी कसं बोलतात ते ऐका. जमलं तर तिथली नोकरी सोडून गेलेल्या सीआरसीला गाठा आणि रात्रीचे फोन डॉक्टर उचलायचे का, एवढंच विचारा.