आठ महिने आर्गन मारून झाल्यावर: 200 अँपच्या टिग मशीनचा अनुभव

दसऱ्याला पूजा करून मशीन शेडमध्ये आणलं, आता पाऊस लागलाय, म्हणजे आठ महिने झाले. घेताना बऱ्याच जणांना विचारलं होतं, पण "मस्त आहे, घेऊन टाका" यापलीकडं कुणी बोललं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमचं शेड कोल्हापूरजवळ, काम बहुतेक एसएसचं (स्टेनलेस स्टील), हॉटेलची टेबलं, रेलिंग, आणि डेअरीवाल्यांच्या पाईपलाईनी, टाक्या. आधी आर्गनचं काम, म्हणजे टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकानं विजेचा आर्क पेटवायचा आणि जॉइंटला हवा लागू नये म्हणून भोवती आर्गन गॅस सोडायचा), बाहेर द्यायचो, रॉडचं वेल्डिंग मात्र मी पंधरा वर्षं करतोय, त्यामुळं मला वाटलेलं की टिग म्हणजे काय, आठवड्यात हात बसेल. कसलं काय.

मशीन सिंगल फेज इन्व्हर्टर, एचएफ स्टार्ट (टंगस्टन धातूला न टेकवता हाय फ्रिक्वेन्सीनं आर्क पेटतो), फक्त डीसी. कंपनीचं नाव लिहीत नाही, सारखंच मशीन वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतं आणि नाव लिहिलं की खाली भांडणं सुरू होतात. फक्त डीसी घेतलं ही पहिली चूक. पैसे वाचले पण दिवाळीनंतर दोघं जण ॲल्युमिनियमचं काम घेऊन आले आणि हात हलवत परत गेले. ॲल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं पण त्याच्यावरचा ऑक्साईडचा थर 2000 च्या पुढं, तो फोडायला एसी लागतो, डीसी वर नुसता चिखल होतो. तुमच्याकडं ॲल्युमिनियमचं काम येणार असेल तर एसी-डीसीच घ्या, निदान आतापासून पैसे बाजूला टाका.

पहिल्या दिवशी मी मशीन सरळ 16 अँपच्या प्लगला आणि घरच्या एक्स्टेंशनला लावलं. अर्ध्या तासात प्लग इतका तापला की वास सुटला. मग वायरमनला बोलावून 32 अँपचा वेगळा एमसीबी, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि अर्थिंग नवीन करून घेतलं. अर्थिंगचं मी आधी मनावर घेत नव्हतो पण एचएफ ला ते लागतंच, नाहीतर शेजारच्या मशीनचा डिस्प्ले वेडावाकडा नाचतो. आणि हो, पेसमेकर बसवलेल्या माणसाला एचएफ चालू असताना जवळ उभं करू नका, आमच्याकडं एक गिऱ्हाईक आहे तसं, आता ते आले की मी आधी मशीन बंद करतो मग चहा सांगतो.

दुसऱ्या दिवशीचा घोळ माझ्या जुन्या सवयीचा. रॉडला होल्डर प्लसला लावायची सवय, मी टॉर्चही (टंगस्टन धरणारा हँडल) प्लसला लावली. टंगस्टनचं टोक बघता बघता वितळून गोळा झालं, मला वाटलं टंगस्टनच डुप्लिकेट दिलाय दुकानदारानं. त्याला फोनवर बरंच काही बोललो, त्यानं शांतपणे विचारलं "टॉर्च मायनसला आहे ना?" स्टील आणि एसएसला टॉर्च मायनस, अर्थ क्लिप प्लस, एवढंच.

टंगस्टनमध्ये लाल टोकाचं सगळीकडं मिळतं, त्यात 2 टक्के थोरियम असतं आणि ते रेडिओॲक्टिव्ह आहे. वापरताना फार काही नाही पण घासताना त्याची धूळ नाकात जाते ती वाईट. मी निळ्या टोकाचं लँथेनमवालं घेतलं, 1.6 आणि 2.4 एमएम, तितकंच छान चालतं. टोक लांबीच्या दिशेनं घासायचं, आडवं घासलं की आर्क भटकतो. त्याच्यासाठी ग्राइंडरचा एक दगड वेगळा ठेवलाय, त्यावर लोखंड घासलेलं दिसलं की मी भडकतो.

गॅस. 7 घनमीटरचा सिलिंडर, मिनिटाला 8 लिटरनं साधारण 14 तास आर्क चालतो, कागदावर. माझा पहिला सिलिंडर दोन दिवसात संपला, कारण शनिवारी वॉल्व्ह बंद करायचा राहिला आणि रेग्युलेटरच्या जॉइंटला बारीक लीक होती. आता सोमवारी साबणाचं पाणी ब्रशनं लावून बघतो, फुगा आला की स्पॅनर. आणि सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधा, आत 150 बारच्या आसपास प्रेशर असतं, उभा सिलिंडर पडून वॉल्व्ह तुटला तर तो रॉकेटसारखा जातो. उन्हाळ्यात पंखा चालू ठेवून वेल्डिंग केलं तर सगळा गॅस उडून जातो, जॉइंट काळा आणि भोकाभोकाचा. मी आठवडाभर मशीनला शिव्या दिल्या, दोष पंख्याचा होता.

हेल्मेटबद्दल मात्र नीट वाचा. मी स्वस्तातलं ऑटो डार्क (आर्क पेटला की काच आपोआप काळी होते ते) घेतलं, दोन सेन्सरवालं. रॉडला ते ठीक चालायचं. पण टिगमध्ये एक एमएमच्या पत्र्याला 30-35 अँपवर काम करता, आर्क इतका छोटा की सेन्सरला तो कळतच नाही, काच उजळते, काळी होते, परत उजळते, आणि पाईपच्या पलीकडं वाकलात तर पाईपच सेन्सरसमोर येतो. मला वाटलं एवढ्याशा उजेडानं काय होतंय. रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू टाकल्यासारखं झालं, पाणी थांबेना. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, बरं वाटलं ते गारव्यानं. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा वरचा पापुद्रा भाजलाय, एक-दोन दिवसात भरतो, पण मेडिकलमधून बधिर करणारे ड्रॉप आणून घालत बसू नका, त्यानं जखम भरत नाही. आता चार सेन्सरचं आहे, काचेचा काळेपणा (शेड नंबर) 10 वर, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर. ठिणग्या उडत नाहीत म्हणून शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवू नका, गळ्याखाली उन्हात भाजल्यासारखा लाल त्रिकोण उमटतो, माझा अजून पूर्ण गेला नाही.

जॉब (वेल्ड करायचा तुकडा) पुसायला ॲसिटोन, आणि ते पूर्ण वाळल्यावरच आर्क. आमच्या शेजारच्या गॅरेजमधून ब्रेक क्लीनर आणला होता एकदा, डब्यावर क्लोरिनवालं सॉल्व्हंट लिहिलेलं. तसलं काही शेडमध्येसुद्धा ठेवायचं नाही, आर्कच्या अल्ट्राव्हायोलेटनं आणि उष्णतेनं त्याचा फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू आहे तो. डबा त्याच दिवशी परत केला.

आता मुख्य गोष्ट. दुधाच्या पाईपला बाहेरून जॉइंट कितीही चकचकीत आला तरी आतून हवा लागली की काळे खवले होतात, भाजलेल्या साखरेसारखे, त्यात दूध अडकतं आणि नासतं. म्हणून आतूनही आर्गन सोडावा लागतो, दोन्ही टोकं टेपनं बंद करून. हे पाईपपुरतं ठीक. फेब्रुवारीत एका टाकीचं नोझल (पाईप जोडायचं तोंड) बसवत होतो, आत आर्गन सोडलेला. माझा भाचा टेप नीट करायला मॅनहोलमधून छातीपर्यंत आत वाकला. मी बाहेर फिलरची तार पुसत होतो. अर्ध्या मिनिटात त्याचा आवाज आला, "मामा, गरगरतंय" आणि पुढचं काही बोलला नाही. मी बेल्टला धरून ओढला. पाच मिनिटांत तो ठीक झाला, पण माझे हात तासभर थरथरत होते. आर्गनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचून बसतो आणि ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. एक-दोन श्वासात माणूस कोसळू शकतो, आणि त्याला काढायला आत उतरणारा दुसराही. तेव्हापासून टाकी उघडली की आधी गॅस बंद, मग ब्लोअरचा पाईप तळापर्यंत, मग हातातलं ऑक्सिजन मीटर दोरीनं खाली सोडून 20.9 दिसल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही, आणि बाहेर एक माणूस हलायचं नाही. मीटरला पैसे गेले ते बहिणीला सांगितले, कशाला लागले ते नाही सांगितलं.

मशीन म्हणाल तर ठीक. 40 ते 90 अँपला दिवसभर चालवलं, कधी गरम होऊन बंद पडलं नाही. सोबत आलेली अर्थ क्लिप अगदीच पत्र्याची, पहिल्या महिन्यात बदलली. टॉर्चची केबल कडक, मनगट दुखतं. पोस्ट फ्लो (आर्क विझल्यावरही थोडा वेळ येत राहणारा गॅस) बरा आहे, आर्क बंद झाल्यावर 7-8 सेकंद टॉर्च तिथंच धरा, लगेच उचलली की टंगस्टन निळंकाळं पडतं. पावसात शेडची जमीन ओली होते, त्यामुळं पायाखाली लाकडी फळी आणि हातात कोरडे चामड्याचे मोजे, घामानं ओले झाले की बदलायचे, गेल्या आठवड्यात एकदा झटका बसलाय. पायानं अँप कमी-जास्त करायचं पेडल अजून घेतलेलं नाही. भाचा म्हणतो पत्र्याला पेडलशिवाय मजा नाही, आणि खरं सांगायचं तर आता पत्र्यावर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला बसलाय, त्यामुळं ह्या दसऱ्याला बहुतेक पेडलच येईल.