एडीआयएस की नेबॉश?

सेफ्टी ऑफिसर व्हायचंय? मग आधी ठरवा, नोकरी इथे करायचीय की आखातात.

इथल्या कारखान्यात करायची असेल तर माझं मत सरळ एडीआयएसला, म्हणजे औद्योगिक सुरक्षेच्या प्रगत पदविकेला. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ४०-ब ने १,००० वा अधिक कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला होता आणि पात्रतेत औद्योगिक सुरक्षेची पदविका आली. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत हा अभ्यासक्रम वर्षभर, पूर्णवेळ चालतो. वर्ष जातं, पण हाताला वळण लागतं. टाकीत माणूस उतरवण्याआधी गॅस मीटरची नळी वर, मध्ये आणि अगदी तळाशी सोडून बघायची. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तो खाली दबा धरून बसतो. टाकीच्या तोंडाशी ऑक्सिजन नेहमीसारखा २०.९ टक्के दिसला म्हणून आत उतरायच्या परमिटवर सही करायची नाही! हे कुणीतरी शेजारी उभं राहूनच शिकवावं लागतं.

नेबॉशचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट ब्रिटिश संस्थेचं. ओपन बुक परीक्षा, शिवाय कामाच्या जागेची जोखीम तपासणी. वेळ कमी लागतो. दुबई-दोहाच्या जाहिरातींत ते बरेचदा मागतात. पण ते इथल्या पदविकेची जागा घेत नाही. काही क्लासवाले हे पोरांना फी भरेपर्यंत सांगत नाहीत, त्याची मला मनापासून चीड येते.