आधी ‘केन’ की आधी ‘मँक’?

‘मँक’ हा चित्रपट नेटफ्लिक्सवर घरबसल्या मिळतो, म्हणून पुष्कळ जण तोच आधी लावतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. साहजिक आहे. हर्मन मँकविट्स नावाचा दारुडा, हजरजबाबी लेखक १९४० साली मोडलेला पाय घेऊन पडल्या पडल्या ‘सिटिझन केन’ या गाजलेल्या चित्रपटाची पटकथा सांगतोय, आणि आपल्याला ‘केन’च माहीत नाही! मग त्यात जीव रमणार कसा?

जुनेपणाची हौस ‘मँक’लाच जास्त. डेव्हिड फिंचरने २०२० सालचा हा डिजिटल चित्रपट मुद्दाम म्हातारा केलाय. कृष्णधवल तर आहेच, शिवाय रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका कोपऱ्यात चमकतो (रीळच नसताना), आवाज जुन्या थिएटरात घुमावा तसा. पडदा मात्र चांगला ऐसपैस रुंद. १९४१चा ‘केन’ जवळजवळ चौकोनी चौकटीतला, तरी दोघांत तरणा तोच वाटतो. ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्याला घरात कागदावर सह्या करणारी माणसं आणि खिडकीबाहेर बर्फात खेळणारं पोर एकाच वेळी लख्ख दिसतं. कॅमेरा जमिनीलगत ठेवता यावा म्हणून सेटला कापडी छतं ताणली होती. ‘मँक’ला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, दिसतोही देखणा, पण त्यातली कारागिरी सतत आपल्याकडे बघायला लावते.

आता खरा वाद: पटकथा कोणाची? मँकविट्सने आधी श्रेयनाम न घेण्याचं कबूल केलं होतं, नंतर त्याला ते हवंसं वाटलं. पडद्यावर दोघांची नावं आली, त्याचं आधी, ‘केन’चा दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं नंतर. ‘केन’ला ९ नामांकनांतून मिळालेलं एकुलतं एक ऑस्करही या दोघांच्या पटकथेचंच. १९७१ साली चित्रपट समीक्षक पॉलीन केल यांनी ‘न्यूयॉर्कर’ मासिकात लांबलचक लिहून जवळजवळ सगळं माप मँकविट्सच्या पदरात टाकलं. ‘मँक’चा कलही तिकडेच. पण १९७८ साली अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर यांनी पटकथेचे एकापाठोपाठचे मसुदे ताडून पाहिले. पहिला आराखडा मँकविट्सचा. तो छाटून, फिरवून, काही भाग नव्याने लिहून त्याचं आजचं रूप घडलं त्यात वेल्सचा वाटा मोठा. मला हेच पटतं. आणि गंमत बघा, केल यांनी हॉवर्ड सूबर या प्राध्यापकांचं संशोधन वापरलं, पण लेखात त्यांचं नाव घेतलं नाही!

‘मँक’मधला १९३४च्या कॅलिफोर्नियातल्या निवडणुकीचा भाग जपून घ्या. गव्हर्नरपदाला उभा राहिलेला लेखक अप्टन सिंक्लेअर याच्याविरुद्ध खोट्या बातमीफिती बनवल्या गेल्या, हे खरं. त्या चित्रित करून पस्तावलेला मँकचा दिग्दर्शक मित्र मात्र कल्पित.

तर एकच संध्याकाळ असेल तर ‘केन’, १ तास ५९ मिनिटं. दोन असतील तर दुसऱ्या दिवशी ‘मँक’, आणि तोही मुख्यतः अमांडा सायफ्रेडने केलेल्या मॅरियन डेव्हिससाठी. केन हे पात्र वृत्तपत्रसम्राट हर्स्टवरून बेतलेलं आणि मॅरियन हर्स्टची सोबतीण, म्हणून केनची बायको, बेसूर गायिका सुझन म्हणजे मॅरियनच, असं लोकांनी धरून टाकलं. खरी मॅरियन तर विनोदी भूमिकांत चांगली चमकलेली नटी. तिच्या आठवणींचं पुस्तक १९७५ साली आलं, तेव्हा सुझन म्हणजे मॅरियन नव्हे, हे वेल्सने त्याच्या प्रस्तावनेत स्वतः लिहिलं.