राजपत्रातली धर्मबदलाची नोंद: सेवा ठीक, अपेक्षा भलत्याच

महाराष्ट्रात धर्मबदलाची सूचना राजपत्रात छापून देण्याचे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय करते. मुख्य कचेरी मुंबईत चर्नी रोडला असली तरी अर्ज संकेतस्थळावरून भरता येतो. नाव, जन्मतारीख आणि धर्म या तिन्ही बदलांच्या सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये, ‘संकीर्ण सूचना व जाहिराती’ या मथळ्याखाली येतात. त्यातला ‘जाहिराती’ हा शब्द सावकाश वाचावा, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. सूचनेतला मजकूर अर्जदाराचा असतो आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, अशी टीपही तिथेच छापलेली असते.

म्हणजे राजपत्र कुणाचा धर्म बदलत नाही. बदल झाला असे अर्जदार म्हणतो, तेवढे ते जाहीर करते. धर्मांतराला अमुकच विधी हवा असे नाही, प्रामाणिक हेतू आणि त्याला साजेसे वागणे महत्त्वाचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच सांगितले आहे. उद्या वाद उभा राहिला तर राजपत्राचे पान हा एक पुरावा ठरेल, एकमेव नव्हे.

छपाईपुरते बोलायचे तर सेवा चांगली आहे. बिघडते ते बहुधा अर्ज भरताना, आणि तेही धर्माच्या नव्हे तर नावाच्या रकान्यात. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही नावांचे प्रत्येक अक्षर ज्या कागदावर पुढे बदल करायचा आहे त्या कागदाशी जुळले पाहिजे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आणि आधारवर पतीचे, हा घोळ नेहमीचा. अशा वेळी दोन्ही नावांच्या व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवावे. छापून आलेल्या पानात खाडाखोड होत नाही, चुकीची सूचना पुन्हा छापून घ्यावी लागते. म्हणून पाठवण्याआधी मसुदा दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा, स्वतःचे नाव स्वतःला बरोबरच दिसते. पान हाती आले की फाइल जपून ठेवावी आणि अंकाची तारीख, भाग व पृष्ठक्रमांक वेगळे टिपून ठेवावेत. पुढच्या कचेरीत तेच विचारतात.

आता हे पान दाखवायचे कुठे? इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, कारण बहुतेक महत्त्वाच्या कागदांवर धर्म नसतोच. आधारसाठी धर्म विचारता येत नाही. २०१६ च्या आधार कायद्याने लोकसंख्याविषयक माहितीतून धर्म, जात, वंश, भाषा हे सगळे स्पष्ट शब्दांत वगळले आहे. पारपत्रावर, पॅन कार्डावर, मतदार ओळखपत्रावर तो रकाना नाही. जन्मनोंदणीत धर्म विचारतात, पण अर्जाच्या सांख्यिकी भागात. हाती येणाऱ्या जन्मदाखल्यावर तो उतरत नाही. आमच्या मते सगळ्यांत शहाणी रचना हीच. सरकारला मोजणीसाठी माहिती हवी असेल तर ती मोजणीच्या कप्प्यात राहावी, माणसाच्या खिशातल्या कागदावर येऊ नये.

याच्या उलट टोक म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. धर्म, जात, पोटजात सगळे एका ओळीत, आणि तेही सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने पालकांनी सांगितलेले. जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतली, ती ओळ मग जन्मभर पाठ सोडत नाही. मूल शाळेत असताना मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्ती करून घेणे त्यातल्या त्यात सोपे. शाळा सुटल्यावर नुसते राजपत्र पुढे करून दाखला बदलून मिळेल अशी आशा धरू नये. दाखल्यावर त्या वेळची नोंद असते आणि तुमचा बदल नंतरचा, हे उत्तर ऐकायला रुक्ष असले तरी तर्काला धरून आहे. जुना दाखला आणि राजपत्र जोडीने वापरणे हाच व्यवहार्य मार्ग.

जातीच्या दाखल्यात मात्र धर्माचा रकाना खरेच काम करतो, म्हणून तिथली चूक महागात पडते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आधी जवळजवळ फक्त हिंदूच होते, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झाल्याची सूचना छापली की अनुसूचित जातीच्या सवलतींवरचा हक्क अडचणीत येतो. अनुसूचित जमातींना ही अट नाही. बौद्धांच्या बाबतीत घोटाळा वेगळाच. जातीच्या जागी ‘नवबौद्ध’ लिहिले तर केंद्राच्या कामासाठी दाखला अडतो, कारण या आदेशातल्या यादीत नवबौद्ध ही जात नाही, महार आहे. धर्म बौद्ध आणि मूळ जात महार, अशा दोन्ही नोंदी स्वतंत्र हव्यात. जात सोडण्यासाठी धर्म सोडला, आणि त्या धर्माच्या दाखल्यावर जात लिहिणे भाग! यातला उपरोध अर्ज तपासणाऱ्यालाही कळत असतो, पण यादी यादीच असते.

घरातल्या कायद्यांचाही विचार अर्जाआधी करावा. हिंदू विवाह कायद्यात धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण आहे. दुसऱ्या लग्नासाठी धर्म बदलला तर पहिले लग्न आपोआप मोडत नाही आणि द्विविवाहाचा गुन्हा टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा स्वतःचा वारसाहक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यामुळे बुडत नाही, मात्र धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा हिंदू नातेवाइकांकडून येणारा वारसा कलम २६ मुळे जाऊ शकतो. बौद्ध, जैन आणि शीख या कायद्यांपुरते हिंदूंतच मोजले जातात, त्यामुळे हिंदूचा बौद्ध झाल्याने वारशात फरक पडत नाही.

ज्यांना कोणताच धर्म नोंदवायचा नाही, त्यांच्यासाठी २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा. ‘धर्म नाही’ अशी सूचना छापायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिला होता, प्रकरण तिथूनच न्यायालयात गेले. कोणताही धर्म न मानण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ मध्ये येतो आणि कोणत्याही अर्जात धर्म सांगायची सक्ती राज्याला करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिंदू विवाह व उत्तराधिकार कायदे जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही अशा कुणालाही सर्वसाधारणपणे लागू होतात. निधर्मी झालात तरी वाटणी त्याच कायद्याने. ते टाळायचे असेल तर मृत्युपत्र करावे. राजपत्राचा तिथे उपयोग नाही.

खरे तर या सगळ्यावरचा उपाय आपल्याच संविधानात छापलेला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सदस्य एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. पण मंत्री, खासदार, न्यायाधीश यांच्यासाठी तिसऱ्या अनुसूचीत दिलेल्या शपथेत ईश्वर आहे, आणि त्याच्या शेजारी एक रेघ. रेघेच्या अलीकडे ईश्वरसाक्ष शपथ, पलीकडे गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. कुणाला कारण विचारले जात नाही, दोन्हींचे वजन सारखे. न्यायालयातही १९६९ च्या शपथ कायद्याने साक्षीदाराला हीच मुभा आहे, आणि त्या कायद्याच्या नमुन्यात कोणताही ग्रंथ नाही. गीतेवर हात ठेवणे चित्रपटांत उरले आहे.

अर्जांतल्या धर्माच्या रकान्याला ही रेघ कुणी दिली नाही. ऑनलाइन अर्जात तो सोडला की लाल तारा उभा राहतो. शुल्कमाफीच्या किंवा वसतिगृहाच्या अर्जात तो का आहे याचे उत्तर निदान अर्जाखाली एका ओळीत द्यायला हरकत नसावी. तोवर कागदी अर्जात रकाना कोरा सोडू नये आणि ‘लागू नाही’ असेही लिहू नये, अपुरा अर्ज म्हणून तो परत येऊ शकतो. ‘कोणताही धर्म नाही’ असे पूर्ण लिहावे, उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत जोडावी आणि पोचपावतीवर जोडलेल्या कागदांची संख्या लिहून घ्यावी.