बाथरूमला गोल खिडकी: फिक्स, फिरती की सरळ लुव्हर्स?

जुळे सोलापुरात मेव्हण्याचं बांधकाम लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या तुळईपर्यंत, आलंय. वरच्या बाथरूमला त्याला गोल खिडकी हवीय. मिस्त्री म्हणतो, "चौकोनी सोडून ठेवतो, मग बघू की." माझ्याही घरी 'मग बघू'च झालं होतं. आज तिथे फिक्स, म्हणजे न उघडणारी, गोल खिडकी आहे आणि मला तिचा पस्तावा आहे.

दिसायला मात्र फिक्सला तोड नाही. दुधी काच, बारीक चौकट, सकाळी समोरच्या टाइल्सवर उजेडाचं तबक. धूळ नाही, गळती नाही, बिजागरी नाही, खर्चही कमी. पण थंडीत गिझर सुरू झाला आणि वाफ कोंडायला लागली. ज्या गावात गच्चीवर टाकलेली चादर दुपारपर्यंत कडक वाळते, तिथे माझा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर. दोन वर्षांत छताच्या रंगाला पोपडे आले. शेवटी कोअर कटिंगवाल्याला बोलावून तयार टाइल्समधून ६ इंची एक्झॉस्टचं भोक पाडलं. फिक्सच घ्यायची असेल तर हे भोक आणि त्याचा वायरिंग पॉइंट गिलाव्याआधीच ठेवा. लाइट गेली की तोही पंखा बंद, हे धरून चाला.

मापातही गोल फसवतो. २ फूट बाय २ फूट चौकोन म्हणजे ४ चौरस फूट; २ फूट व्यासाचा गोल जेमतेम ३.१४. राज्याच्या बांधकाम नियमावलीत बाथरूमच्या खिडकीला किमान ०.३ चौरस मीटर लागतात आणि २ फुटांचा गोल ०.२९ वर अडकतो. म्हणून २५ इंचांच्या खाली जाऊ नका. बिल करताना मात्र फॅब्रिकेटर आणि काचवाला गोलाचे पैसे सहसा चौकोनाच्या मापाने लावतात, चौकट वाकवण्याची मजुरी वेगळी.

फिरती, म्हणजे मधोमध पिव्होट (पल्ला ज्यावर फिरतो तो आस) असलेली, हा माझ्या मते खरा पर्याय. पिव्होट आडवा घ्या. खालचा अर्धा भाग बाहेर आणि वरचा आत झुकतो, त्यामुळे सप्टेंबरातला पाऊस काचेवरून बाहेरच ओघळतो. उभ्या पिव्होटला वारा छान लागतो, पण आत आलेली कड नेमकी डोक्याला लागते. पूर्ण उलटी फिरणारी घेतलीत तर बाहेरची बाजू आतूनच पुसता येते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि उन्हाळ्यातली धूळ बघता ही सोय छोटी नाही. अडचण मच्छरजाळीची. पल्ला दोन्हीकडे फिरतो, त्यामुळे पक्की जाळी बसत नाही. वेल्क्रोची लावायची आणि खिडकी हलवताना काढायची. नळाला रोज पाणी नाही म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतात, तेव्हा डासांचा विषय हसण्यावारी नेऊ नका.

आणि साध्या चौकोनी लुव्हर्स, म्हणजे काचेच्या तिरक्या आडव्या पट्ट्या? दिसायला रुक्ष, पण हवा सतत खेळती, जाळी आतून कायमची. एक पट्टी फुटली तर कोपऱ्यावरचा काचवाला लगेच कापून देतो. गोल टफन (तापवून कडक केलेली) काच फुटली तर पुन्हा साचा, पुन्हा ऑर्डर, कारण टफन केल्यावर काच कापता येत नाही. खालच्या, सगळ्यांच्या वापरातल्या बाथरूमला मी डोळे झाकून लुव्हर्स लावेन.

गोल ठरलाच तर चौकटीसाठी सिमेंट पाइपची युक्ती चांगली. आमच्या मिस्त्रीचंच म्हणणं, "गोल पाहिजे ना, मग पाइपच घाला की." ९ इंची भिंतीत पाइपचा तेवढाच तुकडा बसवायचा, वर लिंटेल नेहमीसारखा. ६०० मिमीचा पाइप चौकटीआधीच २४ इंचांच्या आत येतो, म्हणून ७०० चा घ्या आणि जाडी धरून चौकोन तीन फुटांचा सोडा. पाइपच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार द्यायला विसरू नका. माझ्याकडे तो नाही; खालच्या कमानीत पाणी आणि माती साचून चिखल होतो, आणि तो काढायला दर महिन्याला शिडी लागते.

मेव्हण्याने वर फिरती गोल, खाली लुव्हर्स असं ठरवलंय. खिडकी पश्चिमेला येत होती, ती उत्तरेला घेतली. मे महिन्यातलं चारचं ऊन काचेतून कशाला घ्यायचं? खालची कड साडेपाच फुटांवर ठेवणार होता. बहिणीने हात वर करून दाखवला, हँडल बोटांच्या टोकालाही लागेना. आता खडूने काढलेलं वर्तुळ पुसून सहा इंच खाली आलंय.